आम्ही सिनेमा कडेकडेनं बघतो

आमच्या भोरला प्रत्येक सिनेमा दोनदा होतो. एकदा नदीकाठी, उन्हात, "सायलेन्स!" अशा आरोळ्यांमध्ये. आणि एकदा पुण्याच्या थेटरात, एसीत. पहिल्या वेळी आम्ही त्यात असतो, दुसऱ्या वेळी आम्ही त्यात स्वतःला शोधत असतो. त्यामुळे "परवाचा पिक्चर कसा होता?" असं कुणी विचारलं की आमच्याकडे मत नसतं, किस्सा असतो. आणि हे किस्से म्हणजे माझ्या शिलाई मशीनखालच्या चिंध्या! रोज झाडते, रोज साठतात.

मी शोभा. भोरच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. शूटिंगचं युनिट आलं की ऐनवेळी उसवलेलं शिवायला मला बोलावतात. रशीदभाई आपल्या जीपमधून युनिटची माणसं पोचवतात. मार्गासनीची विमल माझी मैत्रीण, तिच्या घराचं नि गोठ्याचं शूटिंग झालेलं आहे. आणि चौथे आंबवड्याचे तात्या, सत्तरी ओलांडलेले शेतकरी. आमच्या चौकडीला पुण्यात नाटक, सिनेमा, गाणं, काहीही चालतं. फक्त आमची नजर जरा बिघडलेली आहे. नायक मध्ये असतो आणि आम्ही कडेला असतो, म्हणून आम्ही पडदासुद्धा कडेकडेनंच बघतो. गोष्ट मधून निघून जाते, ती नंतर कुणालातरी विचारावी लागते.

* * *

विमलच्या गोठ्याचंच घ्या. कलाविभागाच्या पोरांनी तिचा स्वच्छ सारवलेला गोठा काजळी फासून काळा केला, छपराचं गवत उपसलं आणि तिथं एका गरीब विधवेचं घर मांडलं. विमल तेव्हापासूनच धुसफुसत होती. "आमच्या म्हशी बऱ्या ऱ्हात्यात ह्याच्यापेक्षा!"

पुढे आम्ही तो सिनेमा बघायला गेलो. खरं सांगते, सिनेमा चांगला होता. ती विधवा कायमचं घर सोडून निघते तो प्रसंग तर फारच. संगीत थांबलेलं, बाई उंबऱ्यावर डोकं टेकते, उठते, मागं न बघता चालू लागते. थेटरात नाकं ओढल्याचे आवाज. माझाही पदर डोळ्याला लागलेला.

तेवढ्यात विमल खणखणीत आवाजात ओरडली, "अगं बाई, कडी लाव की! कुत्रं शिरतंय आत!"

अख्खं थेटर हसलं. विमल मात्र हसली नाही. परत येताना जीपमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "शोभाताई, घर सोडून जाणारी बाई बी कडी लावूनच जाती गं. सवय असती हाताला."

तिच्या धाकट्या जावेनं घर सोडलं होतं, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

* * *

आता तात्यांच्या घरचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

तात्यांची बायको सोनाकाकी. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर ओढणारी. लग्नात फोटोग्राफर नव्हता, पुढे नातवंडांच्या बारशात मोबाईल निघाले तर ही स्वयंपाकघरात पळायची. एक आधार कार्ड तेवढं होतं. त्यावरची बाई बघून तात्या म्हणायचे, "ही कोण धरून आणली?"

मग नीरेकाठी एका सिनेमाचं शूटिंग लागलं. गावातली माणसं परमुलखातून येणाऱ्या नावेची वाट बघतायत, असा सीन. गर्दीला बायका हव्या होत्या. मी काकीला म्हटलं, "चला की, पन्नास बायकांत तुम्हाला कोण बघतंय?" कशी कोण जाणे, तयार झाली. हिरवं लुगडं मीच नेसवलं.

संध्याकाळी परत आली तेव्हा तात्यांनी विचारलं, "काय झालं पिक्चरमधी?"

काकी म्हणाली, "काय न्हाई. दिसभर वाट बघाय लावली, आन् आलं कुणीच न्हाई!"

नाव दुसऱ्या दिवशी आली, तिचं शूटिंग वेगळं होतं. काकीला ते काही कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता काकीच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून अंथरुणाला खिळली ती खिळलीच. तात्यांनी तिचं सगळं केलं, सुनेला हात लावू दिला नाही. उन्हाळा लागताना काकी गेली. दहाव्याला पोरांनी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून आणला आणि हार घालायला घेतला. तात्या उठले, फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हणाले, "ह्या बाईला म्या वळखत न्हाई. हिला हार नगं."

आणि मग माझ्याकडे वळून, "शोभा, तो पिक्चर कधी येतोय?"

* * *

सिनेमा येईना. मध्ये मीच म्हटलं, तात्यांना घराबाहेर काढू. पुण्यात एक नाटक लागलं होतं. जाहिरातीत नवरा-बायको हसत होते. मला वाटलं, विनोदी असेल. माझी अक्कल!

पडदा वर गेला तर स्टेजवर खाट. खाटेवर आजारी बायको, शेजारी नवरा चमच्यानं पेज भरवतोय. विमलनं मला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. नाटक मात्र जिवंत होतं. नवऱ्याचं काम करणारा नट चिडायचा, भांडायचा, मग वाटी पुसून ठेवायचा, आणि वाटी पुसतानाच त्याचा बांध फुटायचा. इतकं खरं मी स्टेजवर क्वचित बघितलंय. पण शेजारी तात्या होते. मला धड बघवेना आणि उठवेना.

इंटरवलला रशीदभाई हळूच म्हणाले, "तात्या, निघू या का? घाटात गर्दी होती नंतर."

तात्या म्हणाले, "न्हाई. थांबू या. तिला बरं वाटतंय का बघू."

थांबलो. शेवटी ती खाट रिकामी होते, नवरा चादरीची घडी घालतो, अंधार. टाळ्या झाल्या. नटनटी वाकून नमस्कार करत होते तेव्हा तात्या टाळी न वाजवता बसून राहिले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "हितं तरी उठंल."

* * *

त्यावर उतारा म्हणून रशीदभाईंनी चित्रं बघायचं काढलं. "चित्रात कोण मरत न्हाई," त्यांचं म्हणणं. पुण्यातल्या एका चित्रकारानं वेल्ह्याकडचे डोंगर रंगवले होते. मोठमोठे कॅनव्हास. हिरव्यात हिरवा, मध्येच एक मातीच्या रंगाचा फटकारा. मला पहिल्यांदा काही कळेना. मग लांब जाऊन उभी राहिले आणि एकदम भाताची खाचरं दिसायला लागली, पायरी-पायरीनं उतरणारी, पाण्यानं भरलेली. छातीत काहीतरी हललं. रोज बघतो ते आपण बघतच नाही, हे कळायला भिंतीवर टांगलेलं बघावं लागलं.

विमल मात्र सवयीप्रमाणे कडा तपासत होती. चारी बाजू नाक लावून बघून झाल्यावर तिनं चित्रकाराला गाठलं. "यात माणसं कुठं हायेत?"

तो म्हणाला, "माणसं नाहीत काकू. फक्त खाचरं."

"मग भात कुणी लावला?"

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं! चित्रकार पाठमोरा होऊन आपल्याच चित्राकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "जेवायला गेलीत. येतील."

विमल खूश. "हां, मग बराबर हाय!"

तात्या त्या चित्रासमोर बाकावर बसले. आम्ही बाकीचा हॉल बघून परत आलो तरी तिथंच. "चला," मी म्हटलं. "थांब की," ते म्हणाले. "येत्याल म्हणलाय त्यो."

* * *

गाण्याचं एक आहे, ते रशीदभाईंचं. गाणं म्हटलं की हा माणूस जीपचं भाडं सोडून येतो. भोरातच एका मंगल कार्यालयात मैफल होती. गायिका वयस्कर, आवाज थोडा थकलेला, पण प्रत्येक स्वर जागच्या जागी. माइकवाल्यानं मात्र असा खणखणाट लावला होता की तबला छताला लागून परत यायचा.

दिवेलागणीला लाइट गेली. पंखे थांबले, माइक मेला. वाटलं, आता चहा. पण बाई थांबल्याच नाहीत. अंधारात तो आवाज एकटाच येत राहिला, बारीक, उघडा. माणसं सतरंजीवर पुढे पुढे सरकली. लहान पोरंसुद्धा गप्प. मी आयुष्यात एवढं मन लावून काही ऐकलेलं नाही.

मग लाइट आली आणि माइक किंचाळला. रशीदभाई, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते उभं राहून ओरडले, "अरे, बंद करा त्ये!" आयोजकांना वाटलं, गाणंच बंद करायला सांगतायत. त्यांनी बाईंना हार घातला आणि कार्यक्रम आटोपला!

रशीदभाईंनी आठवडाभर जेवणाला तोंड लावलं नाही, असं भाभी सांगत होत्या. थोडं वाढवून सांगत असतील. पण परतीच्या वाटेवर त्यांनी जीपमधला टेपसुद्धा लावला नाही. तात्याच मागून म्हणाले, "अंधारात बरं वाटलं. कोण आलंय, कोण न्हाई, दिसत न्हाई."

* * *

अखेर त्या सिनेमाचा ट्रेलर आला. माझ्या दुकानात चौघं एका मोबाईलवर वाकलो. घोडे, तलवारी, नायकाचे डोळे, आणि एका क्षणासाठी नदीकाठची गर्दी. विमलनं बोट ठेवून थांबवलं. "ही! ही हिरवी!"

"ती सारोळ्याची," मी म्हटलं. "तिची बाही मीच टाचली होती."

"मग ही?"

बोटांनी मोठं करत गेलो तसे चेहऱ्याचे चौकोन झाले, चौकोनांचे डाग झाले. तात्यांनी मोबाईलवर हात ठेवला. "मोठं करू नगा. मोठं केलं की जाती ती."

त्याच आठवड्यात रशीदभाईंच्या जीपमध्ये युनिटचा एक ओळखीचा माणूस बसला. त्यानं सहज सांगितलं, सिनेमा लांबला होता, नदीकाठचा सीन बराचसा कापलाय. रशीदभाई भाडं पोचवून थेट माझ्याकडे आले. चहा घेतला नाही.

"शोभाताई, सांगायचं कसं त्यांना?"

"नका सांगू."

"आन् तिथं जाऊन दिसली न्हाई तर?"

दोघं मिळून आंबवड्याला गेलो. तात्या देवळाच्या पारावर बसले होते. रशीदभाईंनी सगळं सरळ सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. तात्यांनी ऐकून घेतलं. पारावरची धूळ लागल्यासारखं धोतर झटकलं आणि म्हणाले, "लांबलं व्हतं म्हणून कापलं. बरं. आमचं तर लांबलंबी नव्हतं."

मग उठता उठता, "जाऊ या. ठिवलीय का कापलीय, बघून येऊ."

* * *

गेलो. दुपारचा खेळ, थेटर अर्धं रिकामं. तात्यांनी नवी टोपी घातली होती आणि दाढी करून आले होते. आम्ही त्यांना मध्ये बसवलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रशीदभाई, पलीकडे विमल.

या सिनेमाबद्दल मला विचारू नका. छायाचित्रण म्हणे उत्तम आहे, संगीतही. मला एवढंच आठवतंय की नायक पडद्यावर बोलत होता आणि मी त्याच्या मागच्या कडा तपासत होते. इंटरवल झाला, नदी आली नाही. विमलनं आणलेल्या चकल्या कुणी खाल्ल्या नाहीत. दुसरा भाग सुरू झाला. लढाई झाली, राजकारण झालं, कुणीतरी कुणाला तरी दगा दिला. तात्यांचे हात गुडघ्यांवर होते. ते पापणीसुद्धा हलवत नव्हते.

आणि पाणी आलं. आमची नीरा, सकाळचं ऊन पडलेली. काठावर माणसं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून डावीकडे सरकायला लागला. सारोळ्याची गेली. एक म्हातारा गेला. दोन पोरी गेल्या. माझ्या मनात एकच, पुढचा चेहरा नायकाचा नको, देवा, नायकाचा नको.

मग हिरवं लुगडं. सोनाकाकी! तोंडावर पदर नाही. कपाळावर आडवा हात धरलेला, उन्हामुळे डोळे बारीक केलेले, नदीच्या पार पलीकडे कुठंतरी बघत. सगळ्या पडद्यावर तीच होती, भुवयांमधलं गोंदण दिसत होतं. मग कॅमेरा मागं मागं गेला आणि ती अख्खी दिसली, डोक्यापासून पायापर्यंत.

रशीदभाईंनी तात्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर खुर्चीत तात्या नव्हते. ते उठले होते. टोपी काढून हातात घेतली होती.

मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, "ओ आजोबा, बसा ना खाली! आम्हाला दिसत नाही."

तात्यांनी मागं वळून बघितलं नाही. पण तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"उभी हाय. अगं पोरी, उभी हाय ती."