एकच यादी, दोन नावं

पहिलीला मला शिकवलेल्या गुरुजींनी निवृत्तीनंतर गावात, विहाराशेजारच्या खोलीत वाचनालय काढलं. आमचं गाव शहागडच्या अलीकडे. मी जालन्यात कॉलेजवर प्रोग्रामिंग शिकवते, म्हणून एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. कुणी कोणतं पुस्तक नेलं, एवढी नोंद कॉम्प्युटरवर हवी होती. दुपारभरात मी प्रोग्राम लिहिला, वहीतले जुने वाचक भरले, चालवून पाहिला. सगळं बराबर होतं.

तीनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"पोरी, एक बाई माझ्यामुळं रडत गेली. चूक माझी का तुझ्या कॉम्प्युटरची, तेवढं बघ."

ती गावातली एक सून होती. दिवसा कापूस वेचायची, संध्याकाळी पोलीस भरतीचा अभ्यास करायची. नेलेली दोन पुस्तकं तिनं परत आणली, तर तिच्या नावापुढं तिसरंही दिसत होतं, भरतीचं जाड गाईड. ती म्हणाली, हे मी नेलंच न्हाई. खोलीत दहाबारा जण वाचत बसलेले. त्यांच्यासमोर गुरुजी आवाज चढवून म्हणाले, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई. ती निघून गेली ती परत आलीच नाही. आणि आज एका तरुणानं तेच गाईड आणून टेबलावर ठेवलं होतं. तो म्हणाला, मीच नेल्तं, तुम्हीच तर नोंद केली.

मी लॅपटॉप उघडला. चूक सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. नव्या वाचकाचं नाव नोंदवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, मी लिहिलं होतं, आणि त्याला पुस्तकांसाठी एक रिकामी यादी ठरवून दिली होती. माझ्या मनात होतं, प्रत्येक नव्या वाचकाला नवी कोरी यादी मिळेल. पण ती यादी एकदाच तयार झाली होती. फंक्शनला यादी दिली की तिची नक्कल जात नाही, ती कुठं ठेवली आहे तो पत्ता जातो. जुन्या वाचकांच्या याद्या मी वेगवेगळ्या केल्या होत्या. नंतर आलेले दोघंच, ही सून आणि तो तरुण. दोघांच्या नावापुढं एकाच यादीचा पत्ता होता. त्यानं नेलेलं पुस्तक तिच्याकडं दिसत होतं. हीच गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर खडूनं शिकवते. मला फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी प्रोग्राम दुरुस्त करून आम्ही दोघं शेतावर गेलो. ती आणि तिची सासू कापूस वेचत होत्या. आम्हाला पाहून सासूनं पदर सावरला.

"गुरुजी, आता काय राह्यलं?"

"काही न्हाई, ताई. माफी मागायला आलो," गुरुजी म्हणाले.

मी सुनेला सगळं समजावून सांगितलं. चूक प्रोग्रामची आणि प्रोग्राम माझा, हेही सांगितलं. ती हातातला कापूस ओटीत टाकत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मंग मी पुस्तकं नेल्ती तव्हा ती त्याच्या नावावर बी दिसली असतील ना?"

"हो," मी म्हणाले.

तिनं गुरुजींकडं पाहिलं.

"दिसल्ती," ते म्हणाले. "तो एकदा आल्ता तव्हा तुझी दोन्ही पुस्तकं त्याच्या नावापुढं होती. मला वाटलं, मशीनची चूक असंल."

"त्याच्या येळंला मशीन चुकलं," ती म्हणाली, "अन् माझ्या येळंला बराबर होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. त्यांनी त्याच वेळी मला फोन केला असता तर, असं माझ्या मनात आलं. पण प्रोग्राम नव्या नावांवर तपासला नव्हता तो मीच.

सासू म्हणाली, "चारचौघात बोलले तुम्ही तिला."

"चारचौघातच सांगतो," गुरुजी म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. खोलीत नेहमीचे लोक होते. गुरुजी उभे राहिले, झालेलं सगळं बोलले, तिची पुस्तकं त्या तरुणाच्या नावापुढं दिसली होती, हेही त्यांनी झाकलं नाही. सून दारातच उभी राहून ऐकत होती. मग आत आली आणि गणिताचं एक पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली.

"नोंद करा," ती म्हणाली. मी केली. तिनं स्क्रीन आपल्याकडं वळवून आधी स्वतःचं नाव पाहिलं, मग मला त्या तरुणाचं नाव उघडून दाखवायला लावलं. तिथं काहीच नव्हतं. तेव्हा कुठं तिनं पुस्तक पिशवीत घातलं.