दाविदबाबांच्या सुनेचा बेंच

बेंचवर एकही बाई बसली नाही. सगळ्या जणी दोन बेंचांच्या मधल्या जागेत, फरशीवर, डोक्यावर पदर घेऊन दाटीवाटीने बसल्या. वेदीपाशी उभा राहून मी पाहतो, तर नवे कोरे बेंच रिकामे आणि मधून नुसते पदर दिसताहेत. उजवीकडे पुरुष बसले होते, पण बेंचवर चक्क मांडी घालून. आणि जिच्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला, ती मार्था दारातच उभी!

मी तेव्हा खामगावकडच्या एका खेड्यात लुथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होतो. पाळक म्हणजे उपासना चालवणारा, शिवाय बाप्तिस्मा, लग्न, माती सगळं बघणारा माणूस. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारचे कागद नागपूरला जात, आमचे मिशनच्या साहेबाकडे. दोन्हीकडून उत्तर सारखंच उशिरा येई.

आमच्या चर्चमध्ये सतरंजीवर बसायची रीत होती. मार्था बैलगाडीवरून पडली आणि तिचा गुडघा कायमचा ताठ झाला. खाली बसणं संपलं. गाणं तर तीच उचलायची. दुसऱ्या कुणी सुरुवात केली की मंडळी चार दिशांना पांगायची. बिचारी प्रत्येक रविवारी दाराच्या चौकटीला टेकून उभी राही, पाय भरून आला की अर्ध्यातून घरी जाई. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी साहेबाकडे एक बेंच मागितला.

साहेबाने चर्चभर बेंच पाठवले. वर ऑर्डर: सतरंज्या काढा, यापुढे सर्वांनी बेंचवरच बसावे. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, मी स्वतः येईन; वापर दिसला नाही तर बेंच दुसऱ्या मंडळीला जातील.

घोडं अडलं होतं दाविदबाबांपाशी. हे मार्थाचे सासरे, आणि मंडळीचे 'वडील', म्हणजे चर्चचे पंच. वयाने सगळ्यांत मोठे, त्यामुळे गावातली हरेक सून त्यांना सासऱ्याच्या जागी मानायची. सासरा बेंचवर, मग सून त्याच्या बरोबरीने कशी बसणार?

मी बाबांना गाठलं. "बाबा, मार्थाले बसाले सांगा ना."

"म्या नाही म्हटलं काय? बसू दे. मी खाली बसतो."

हे ऐकून मार्था दारातून कडाडली, "मामंजी खाली अन् मी वर? पाळकसाहेब, तुम्हाले काही वाटते काय?"

मी गावच्या सखाराम मिस्त्रीला बोलावलं. त्याने बायकांच्या बेंचांचे पाय वीतभर कापले. आता तरी झालं? कुठलं! बाबा ठेंगणे आणि मार्था ताडमाड उंच. बेंच खाली गेला तरी तिचं डोकं बाबांच्या वरच. बायकांनी निकाल दिला, डोकं वर म्हणजे सून वर. मिस्त्रीने पुन्हा करवत चालवली.

"पाळकसाहेब, आता कापलं तं बेंच राहत नाही, पाट होते," तो म्हणाला.

तो पाटच झाला होता. त्यावर मार्थाचा ताठ पाय मावेना. ज्या बाईसाठी बेंच आणला, तिलाच तो निकामी!

मग मिस्त्रीने उलटी अक्कल लढवली. बाबांच्या बेंचाखाली विटा रचल्या. बाबा वर चढले, समोर बघितलं आणि टुणकन खाली उतरले. "अरे, मी वेदीच्या वर बसून राह्यलो! पाप लागीन ना!"

मी कपाळावर हात मारला. रडू येत होतं, आणि हसूही.

सणाचा दिवस उजाडला. साहेब पहिल्या रांगेत बसले. मी गाण्याचा नंबर सांगितला. कुणी उचलेना. दारात मार्था ओठ आवळून उभी, पाय भरून आला होता. ती घरी जायला वळली.

तेवढ्यात दाविदबाबा काठी टेकत उठले. "मार्था, आत ये. माह्या बेंचवर बस. मी उभा आहो. उभ्या सासऱ्याच्या वर कोन्ती सून जाते?"

बायकांमध्ये कुजबुज झाली. यात खोट निघेना. मार्था आली, विटांवरून उतरवलेल्या त्या बेंचवर टेकली, पाय सरळ पसरला आणि गाणं उचललं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पण वडील उभे, मग पुरुष कसे बसणार? एकेक करत सगळे उठले. तशा सुना कापलेल्या बेंचांवर बसल्या. शेवटी पुरुषांत साहेब एकटेच बसलेले. इकडेतिकडे बघून तेही उभे राहिले.

मी प्रवचन सुरू केलं. थोड्याच वेळात बाबा म्हणाले, "पाळकसाहेब, आटपा आता. पाय दुखून राह्यले."

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं की या मंडळीतले पुरुष भक्तीने संपूर्ण उपासनाभर उभे राहतात, इतरांनी हा कित्ता गिरवावा. तशी ऑर्डरही निघाली. आसपासचे पाळक भेटले की माझ्याशी धड बोलत नसत.

आमची रीत मात्र तीच राहिली. देवापुढे सगळे सारखे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. ते कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. मार्था आत बसली ती बाबांनी सासरेपण न सोडता वाट काढली म्हणून. आणि माझी प्रवचनं आखूड झाली, त्याबद्दल मंडळीने बाबा आणि मार्था, दोघांचेही आभार मानले.