लेकरांचा तुकडा

डोंगराखालचं सामाईक रान सरकार वाटणार म्हटल्यावर आमच्या गावात म्हाताऱ्यांनासुद्धा पाय फुटले. कित्येक वर्षं ते पडीक होतं. ज्यांची गुरं तिथं चरायची, त्यांतली निम्मी माणसं इंग्लंडात विटा वाहत होती आणि रानात काटेरी झुडपं माजली होती. आता त्याचे तुकडे पाडून आम्हा खडकावर बटाटे काढणाऱ्यांना मिळणार होते. भांडणं नकोत म्हणून टोपीत चिठ्ठ्या टाकायचं ठरलं.

सगळ्यांचा जीव ओढ्याकाठच्या काळ्या मातीत, आणि सगळ्यांना धास्ती वरच्या तुकड्याची. तिथं लेकरं होती. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. बापानं अंधार पडल्यावर पेटी काखेत धरून इथं यायचं, पुरायचं, वर एक दगड ठेवायचा आणि घरी जाऊन गप्प बसायचं. आईनं यायचं नाही, विचारायचं नाही. ही रीत ज्यानं काढली त्याला माझ्यापुढं उभा करा, मग बोलतो.

फेस्टस लॅव्हेलनं टोपीत हात घातला आणि ओढ्याकाठ काढला. लेकरांचा तुकडा माझ्या वाट्याला आला.

"कोलमन, अंगाई शीक आता," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

त्याच संध्याकाळी फेस्टसची बायको सबिना माझ्या दारात हजर. पाच मुलं वाढवून बोटीनं परदेशी पाठवलेली ही बाई गरजेपुरतंही बोलत नसे. त्या पाचांच्या आधी एक मुलगी झाली होती, ती तासभरही जगली नाही. तिचा विषय त्या घरात कधी निघाला नाही. गाय आणायला जाताना रानाच्या कडेला सबिनाची चाल मंदावते, हे मात्र सगळ्या गावानं पाहिलेलं.

चहाला हात न लावता ती म्हणाली, "तुझा तुकडा आम्हाला दे. आमचा तू घे."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? तिथं नांगर घालता यायचा नाही. फेस्टस माझा जीव घेईल."

"फेस्टसचं मी बघते."

फेस्टस बधेना. उभा जन्म त्यानं समुद्रातलं शेवाळ पाठीवरून आणून खडकावर माती केली होती. हाताशी आलेली चांगली जमीन कोण सोडेल? "दगडांना दूध येतं का गं?" असं तो भर रस्त्यात तिच्यावर ओरडला. ती भांडली नाही. त्याचं जेवण टेबलावर ठेवायची आणि आपलं ताट घेऊन दाराबाहेर उभ्यानं खायची. सगळा हिवाळा, पावसातसुद्धा. मला त्या माणसाचा राग यायचा. जमिनीच्या लोभानं आंधळा झालाय, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

बटाटे लावायच्या सुमारास तो आला. "कर बाबा अदलाबदल," एवढंच म्हणाला. आम्ही दोघांनी सह्या केल्या.

मग वरच्या तुकड्याची पडकी भिंत रचायला मी त्याच्या मदतीला गेलो. दुपारी सबिना चहा आणि पाव घेऊन वर आली. चहाचा डबा भिंतीवर ठेवून ती आयुष्यात पहिल्यांदा त्या दगडांमध्ये शिरली.

"आता जागा आपली आहे, फेस्टस. आता तरी सांग. आपला दगड कुठला?"

फेस्टसच्या हातात भिंतीचा दगड होता. तो तसाच धरून तो उभा राहिला.

"मला माहीत नाही, सबिना."

"म्हणजे?"

"माती लोटली आणि मी पळालो गं. दगड ठेवलाच नाही. सकाळी आलो तर सगळीकडची माती सारखीच. हा तुकडा घेतला की तू विचारशील, म्हणून नको म्हणत होतो."

माझी मान खाली गेली. ही बाई आता त्याला काय करील ते मला बघायचं नव्हतं. गुडघ्यांवर बसून तिनं जवळच्या दगडावरची माती एप्रननं पुसली. मग त्याच्या शेजारच्या दगडावरची. मग त्याच्या पलीकडची.

"हातातला दगड ठेव," ती म्हणाली.

"कुठं ठेवू?"

"कुठंही. सगळी आपलीच आहेत."

फेस्टस वाकला. वाकला तो लवकर उठलाच नाही. भिंतीत एक दगड कमी पडला, तो मी माझ्या रानातून आणला.