आपले पत्र मिळालेले नाही

ज्या गोष्टीची रजिस्टरात नोंद नाही ती या पृथ्वीतलावर घडलेलीच नाही, असं छातीठोकपणे मानणारा शेवटचा माणूस आमच्या कंपनीत होता. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. जळगावच्या एमआयडीसीत आमची पाइपांची कंपनी. मी प्रसिद्धी विभागात, म्हणजे कॅलेंडर छापणं, साहेबांची भाषणं लिहिणं आणि वर्धापनदिनाला माइक चालू आहे का ते बघणं या कामावर. आबा आवक-जावकला. फाटकातून आत आलेला प्रत्येक कागद आधी आबांच्या टेबलावर जायचा, तिथे त्याला आवक क्रमांक मिळायचा, आणि मगच आबांच्या लेखी तो कागद कागद व्हायचा. बाहेर जाणाऱ्याला जावक क्रमांक. शिक्का मारण्याआधी आबा त्याच्या रबरावर तोंड नेऊन 'हाऽ' करून वाफ सोडायचे, मग डोळे मिटायचे आणि मग असा काही दणका द्यायचे की शेजारच्या टेबलावरचा चहा सांडायचा. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही. हे ते स्वतः सांगायचे, दर आठवड्याला, कोणी विचारलं नाही तरी.

आता नोंद ठेवायची म्हणजे किती ठेवायची? आमच्या ठिबकच्या नळ्यांवर खूश झालेल्या रावेरकडच्या एका शेतकऱ्याने साहेबांसाठी केळीचा घड पाठवला. कोणी शहाणा असता तर चार केळी बाजूला काढून घड वर पाठवून दिला असता. आबांनी पहिल्या फणीतल्या सर्वांत मोठ्या केळ्यावर शिक्का मारला, त्यात क्रमांक आणि तारीख घातली आणि शेतकऱ्याला पोच दिली. साहेबांनी ते केळं सोललं तेव्हा बोटं जांभळी झाली. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी चक्क परत केली, मुहूर्ताची वेळ छापायची राहिली होती म्हणून. 'त्रुटी पूर्ण करून आणा,' म्हणाले. लग्नाला मात्र धुळ्याच्या आपल्या घरून बायकोला घेऊन दोन बस बदलून आले, आहेर दिला, आणि मांडवात सगळ्यांदेखत माझ्याकडून पोच घेतली. माझी बायको अजून त्यावरून मला चिडवते.

पण आबांचा खरा जीव होता तो रजिस्टरातल्या एका रकान्यात. 'मसुदा कोणाचा?' असा त्याचा मथळा. हा रकाना छापील रजिस्टरात नसायचा. आबांनी तो पट्टीने आखून स्वतः घातला होता. साहेबांच्या सहीचं साधं अभिनंदनाचं पत्र नेलं तरी विचारायचे, "लिहिलं कोणी?" मी म्हणायचो, "अहो आबा, सही साहेबांची आहे ना!" त्यावर मान हलवायचे. "सही करणारा मोठा असतो भाऊ, त्याले कोण काय विचारस? लिहिणाऱ्याचं नाव राह्यलं पाहिजे. उद्या कोणी विचारलं, तर त्याने उभं राहून सांगितलं पाहिजे की हो, मी लिहिलं." मग माझं नाव तिथे वळणदार अक्षरात लिहायचे. मला काय, मी हसायचो.

त्या वर्षी वर्धापनदिनाला नाटक करायचं ठरलं. लिहिलं होतं नसीमने. नसीम आमच्याकडे पाइप ओढायच्या मशीनवर. मूळ मुक्ताईनगरचा, वडील पत्र्याच्या पेट्या बनवणारे. पोरगा मशीनच्या आवाजात उभा राहून संवाद पुटपुटायचा, आणि घरी गेला की वडील म्हणायचे, "कागज काले करनेसे पेटी बनती क्या?" नाटकाचं नाव 'पूल शे का?', म्हणजे अहिराणीत 'पूल आहे का?' एक पुढारी एकाच पुलाचं तीनदा उद्घाटन करतो. तिसऱ्या वेळी पूल वाहून गेलेला असतो, तरी फीत कापतो. बस एवढंच. पण काय लिहिलं होतं पोराने! तालमीला आम्ही हसून हसून खुर्च्यांवरून खाली यायचो. आणि मुख्य म्हणजे, नसीमचे अब्बा पहिल्यांदा त्याचं काही बघायला येणार होते. त्याने आठ दिवस आधीपासून पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरून ठेवायला मला बजावलं होतं. दिवसातून दोनदा विचारायचा, "भाऊ, अब्बांची खुर्ची?"

नाटकाचं पोस्टर मीच कंपनीच्या वेबसाइटवर टाकलं. ती टोपी कोणाच्या डोक्यावर बसली कोण जाणे! बुधवारी सकाळी वेबसाइट उघडली तर काळा पडदा. माझ्या विभागातले सगळे कॉम्प्युटर बंद पडले, आणि माझ्या फोनवर मेल : नाटक रद्द करा, माफी मागा, नाहीतर कंपनीचा सगळा डेटा जगाला वाटू. नसीमचं नाटक माझ्याच कॉम्प्युटरवर टाइप केलेलं. हाताने लिहिलेली पानं त्या बहाद्दराने केव्हाच रद्दीत घातली होती. कलाकारांच्या प्रती फोनवर, त्याही कंपनीच्या बंद पडलेल्या सर्व्हरवरूनच उघडणाऱ्या. त्याला सांगायला गेलो तर तो मशीनला टेकून खालीच बसला. मला फार वाईट वाटलं.

मी धावत आबांकडे. का, ते सांगता येणार नाही. कंपनीत घाबरलेला माणूस शेवटी त्यांच्याच टेबलाशी यायचा. आबा शांतपणे म्हणाले, "फोनवरचं मी बघत नाही. छापून आणा." फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती धमकी छापून आणली. आबांनी चष्मा पुसला, उलटसुलट करून बघितलं, आणि आबा चिडले की तोंडातून अहिराणी निघायची तशी निघाली. "नाव नही, गाव नही, सही नही. हाऊ कागद शे का?"

"आबा, धमकी आहे ती!"

"असेल. पण आलेली नाही." आणि शिक्का बाजूला ठेवून त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. नसीमने नाटक मंजुरीसाठी साहेबांकडे दिलं तेव्हा ते आबांकडूनच गेलं होतं, आणि त्यांनी नेमाप्रमाणे त्याची एक प्रत ठेवून घेतली होती. प्रत्येक पानावर शिक्का, प्रत्येक पानावर आवक क्रमांक चारशे बारा. सगळं नाटक! मी त्या म्हाताऱ्याला तिथेच मिठी मारली. "पोच द्या," आबा म्हणाले.

एवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! त्यांच्या मते प्रत्येक कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, न आलेल्या कागदालासुद्धा. त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं. 'प्रति, अज्ञात. विषय : आपले न मिळालेले पत्र. महोदय, आपले पत्र नाव, पत्ता व सही यांच्या अभावी या कार्यालयास मिळालेले नाही. तरी त्रुटी पूर्ण करून दोन प्रतींत सादर करावे, म्हणजे योग्य ती कार्यवाही करता येईल. कळावे.' आता ज्याला पाठवायचं त्याचा पत्ताच माहीत नसेल तर नेमाप्रमाणे काय करायचं? नोटीस बोर्डावर लावायचं. लावलं. दुपारच्या शिफ्टला बोर्डासमोर ही गर्दी. सकाळपासून जी माणसं कोपऱ्यात कुजबुजत होती ती मांडीवर थाप मारून हसायला लागली. 'दोन प्रतींत' यावर तर पॅकिंगमधल्या बाया डोळ्यांना पदर लावून हसल्या. तालीम पुन्हा सुरू झाली, त्या चारशे बाराच्या झेरॉक्सवरून.

साहेब वाईट माणूस नव्हेत. पण पुण्याच्या कोणा सल्लागाराने त्यांना फोनवर तासभर घाबरवलं, आणि गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "बाकी कार्यक्रम होऊ द्या. नाटक तेवढं काढा. लेखकाला पत्र द्या, गुळमुळीत." मी लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव' वगैरे. इथवर ठीक होतं. पण मग मी आपल्या मनाने खाली एक ओळ वाढवली : 'सदर लेखन लेखकाचे व्यक्तिगत असून कंपनीचा त्याच्याशी कोणताही संबंध नाही.' ही ओळ साहेबांनी सांगितली नव्हती, सल्लागारानेही नाही. ती मला सुचली. का सुचली? भीती वाटली म्हणून, दुसरं काय! वर्षभर ज्याच्या खांद्यावर हात टाकून चहा प्यायलो, त्याच्याशी संबंध नाही म्हणून मोकळा झालो.

शुक्रवारी सकाळी साहेबांची सही घेऊन पत्र आबांकडे नेलं. आबांनी ते दोनदा वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मसुदा कोणाचा?"

"साहेबांनी सांगितलं..." मी पुटपुटलो.

आबांनी पुन्हा विचारलं नाही. शिक्क्यावर 'हाऽ' केलं, पण दणका काही बसला नाही, हळूच टेकवला. मी डोकं दुखतंय सांगून घरी गेलो तो शनिवारीही आलो नाही. नसीमसमोर जायची छाती नव्हती.

रविवारी नाट्यगृहात बक्षिसं झाली, गाणी झाली, आता आभार म्हणून मी विंगेत उभा, तर पडदा वर गेला आणि समोर पूल! म्हणजे पुठ्ठ्याचा. पहिल्या रांगेतून साहेबांनी मला खुणेने बोलावलं. "पत्र दिलं नाही?" मी आबांकडे बघितलं. आबा शेजारच्याच खुर्चीत ताठ बसलेले. नजर रंगमंचावरून न हलवता म्हणाले, "दिलंय साहेब. जावक क्रमांक सहाशे सात. साधं टपाल. कर्मचाऱ्याचं पत्र त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर जातं. मुक्ताईनगर."

नसीम त्यांच्या टेबलापासून चाळीस पावलांवर काम करायचा हो! आणि पत्र पोस्टाच्या थैलीत मुक्ताईनगरला निघालेलं. साहेब काही बोलणार, तेवढ्यात रंगमंचावरच्या पुढाऱ्याने भाषणाला सुरुवात केली. संवाद झेरॉक्सवरून पाठ केलेले, गडी आवेशात म्हणाला, "बंधू-भगिनींनो, हाऊ पूल मी तुम्हले अर्पण करस, आवक क्रमांक चारशे बारा!" नाट्यगृह कोसळलं. लोकांना वाटलं पुढारी असाच बोलतो. मग त्या पठ्ठ्याने दर वाक्याला आवक क्रमांक लावला. साहेबांनी आधी ओठ दाबले, मग रुमाल काढला, मग तो तोंडात कोंबून हसले. आणि कडेच्या खुर्चीत पत्र्याच्या पेट्या बनवणारा एक म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड उघडं टाकून आपल्या मुलाने लिहिलेलं ऐकत होता. शेवटी टाळ्या संपल्या तरी त्यांच्या थांबेनात.

मंगळवारी पत्र मुक्ताईनगरला पोचलं. अब्बांनी फोडलं, शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. प्रयोग रद्द एवढं कळल्यावर म्हणाले, "अरे, ये तो मैं देखके आया!" आणि बाकीचं न ऐकताच पेटीत टाकून दिलं. हे नसीमनेच मला हसत सांगितलं. खालच्या ओळीबद्दल त्याला आजही माहीत नाही.

धमकी देणाऱ्याने पुढे काही केलं नाही. साहेबांनी पोलिसांत तक्रार दिली, वेबसाइट आठ दिवस बंद राहिली, पाइप जायचे ते गेले. आबांना मात्र कारणे दाखवा नोटीस निघाली. तिला जावक क्रमांक आबांनीच दिला, स्वतःच्या धुळ्याच्या पत्त्यावर आबांनीच पाठवली, आणि ती घरी मिळेपर्यंत तीन दिवस तिच्याविषयी बोलायला साफ नकार दिला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं : 'पत्र नियमानुसार पाठविले.' साहेबांनी त्यावर 'फाइल करा' असा शेरा मारला. चार महिन्यांनी आबा निवृत्त झाले. निरोपाचा नारळ घेतला आणि पोच देऊन गेले.

आता आवक-जावक कॉम्प्युटरवर असते. 'हाऽ' करणारं कोणी नाही; चहा सांडत नाही. मागच्या महिन्यात जुनी रजिस्टरं खालच्या खोलीत हलवायची होती म्हणून मी ती चाळत बसलो. चारशे बारा दिसला, केळीच्या घडाची नोंदसुद्धा दिसली. मग सहाशे सात. तारीख, विषय, पत्ता, सगळं त्या वळणदार अक्षरात. आणि 'मसुदा कोणाचा?' खाली काही नाही. रिकामा रकाना. चौतीस वर्षांत एकच, आणि तो माझ्या नावाचा.

मी धुळ्याला फोन लावला. आबांना आता ऐकू कमी येतं. मोठ्याने विचारलं, "आबा, सहाशे सातचा रकाना रिकामा कसा राहिला हो?" आबा म्हणाले, "कोनता कागद, भाऊ? माले तर असा कागद मिळनाच नही."

मी फोन ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. अक्षर आबांसारखं आलं नाही.