पुढच्या टेबलावरचा ट्रे

नाशिकच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दोन किल्ल्या होत्या. एक विभागप्रमुख वाघचौरे सरांच्या खणात पडून असे, दुसरी लंकाबाईच्या कमरेला. सकाळी दार उघडून फॉर्मॅलिनचा पहिला झोत डोळ्यांत घ्यायची तिला इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशीची सकाळ तिला अळणी लागायची.

तिचा नवरा याच प्रयोगशाळेत शिपाई होता. १९९१ साली तो गेला आणि त्याच्या जागी ती लागली. माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्याचं. बालपण शेवंतीचे हार ओवण्यात गेलेलं. पहिलं वर्ष तिने काचा पुसल्या, ट्रेमधलं टाचण्यांनी चाळण झालेलं मेण वितळवून सपाट केलं, आणि मुलांच्या पाठीमागे उभी राहून नुसतं पाहिलं. दुसऱ्या वर्षी एका दुपारी, वर्ग रिकामा झाल्यावर, उरलेल्या एका गांडुळावर तिने हात चालवला. गांडुळाच्या पोटाच्या बाजूने एक पांढरा धागा जातो, तो त्याचा मज्जारज्जू. पुढे त्याचे दोन फाटे होऊन घशाभोवती कडं घालतात, आणि वर तिसऱ्या वळ्यात मेंदूच्या दोन बारीक गाठी असतात. मुलांच्या हातून ते कडं हमखास तुटायचं. लंकाबाईच्या हातून तुटलं नाही. तिने त्याच्याखाली काळ्या कागदाची नखाएवढी पट्टी सरकवली आणि वाघचौरे सरांना हाक मारली. सर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ ट्रेवर वाकून राहिले.

तेव्हापासून रिवाजच पडला. मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले की पुढच्या टेबलावर, काचेच्या झाकणाखाली, लंकाबाईचा ट्रे. सर म्हणायचे, "हे आमच्या लंकाबाईंचं काम." एकदा एका परीक्षकांनी विचारलं, "शिकलात किती?" ती म्हणाली, "सातवी." त्यांनी मुलांकडे पाहून म्हटलं, "बघा रे." वर्षभर सगळे तिला 'मावशी, पाणी आणा' म्हणायचे. परीक्षकांच्या त्या पाच मिनिटांत कोणी पाणी मागत नसे.

आणि मग भिमाबाई आली.

१९९६च्या पावसाळ्यानंतर ती झाडलोटीला लागली. पेठकडची, डोंगरातली, नवरा बांधकामावर. वयाने लंकाबाईच्याच बरोबरीची, हाडाने काटक, हसताना सगळे दात दिसायचे. त्या आठवड्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचं प्रात्यक्षिक होतं. लंकाबाई मोठ्या कात्रीने शंख वेढ्यावेढ्याने तोडत होती. दर वर्षीप्रमाणे शेवटचा, अगदी टोकाचा वेढा आतल्या मऊ यकृतासकट तुटला. भिमाबाई झाडू घेऊन उभी होती.

"ह्या तर आमी खातो," ती म्हणाली.

"घ्या!" लंकाबाई मुलांकडे वळून म्हणाली. "आम्ही फॉर्मॅलिनमधे घालतो, ही कालवणात घालते."

भिमाबाई हसली. "तुमी कापून फेकता, ताई. त्यापरीस पोटात गेलेली बरी."

मुलं खिदळली. लंकाबाईला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिमाबाईने येताना बाभळीचा काटा आणला. एक गोगलगाय गरम पाण्यात बुडवून काढली, दारासारखं झाकण बाजूला करून काटा आत घातला, शंखाला धरून असलेला स्नायू चाचपला, आणि शंख डाव्या हाताने हळूहळू फिरवत उजव्या हाताने जनावर बाहेर काढलं. अख्खं. गुंडाळीची शेवटची टोकदार शेपटीसुद्धा शाबूत. ट्रेमध्ये निळसर पाणी ओघळलं. गोगलगायीचं रक्त तसंच असतं.

"वीस वर्षांत," वाघचौरे सर म्हणाले, "मी शेवटचा वेढा असा पाहिला नव्हता."

लंकाबाईने तेव्हा बरण्या पुसायला घेतल्या. पुसलेल्याच बरण्या तिने पुन्हा पुसल्या.

पुढच्या दीड वर्षात भिमाबाईचा झाडू कोपऱ्यात जास्त आणि हात ट्रेमध्ये जास्त दिसू लागला. जळवा हव्यात? ती म्हशींच्या डबक्यात गुडघाभर उतरायची आणि पोटऱ्यांना चिकटवूनच घेऊन यायची. मार्चमध्ये ओढे आटले की गोगलगायी झाकण लावून चिखलात दडून बसतात. त्या तिला तळपायाला कळायच्या. लंकाबाई भद्रकालीतल्या खाटकाकडून मेंढीचं यकृत आणून त्यातले पानासारखे चपटे कृमी दोन काचांत दोऱ्याने बांधून ठेवायची, तेही भिमाबाईने एकदा बघून उचललं. तिने बांधलेल्या काचांत बुडबुडा नसायचा. लंकाबाई त्या उजेडाला धरून बुडबुडा शोधायची. सापडला नाही की तिचा दिवस वाईट जायचा.

घरी ती सासूला सांगायची, "खाण्याची विद्या आहे तिची. त्यात काय मोठंसं?"

सासू म्हणायची, "मग तू कशाला रोज सांगतेस?"

१९९८ची परीक्षा आली. आदल्या दिवशी वाघचौरे सर दोघींना म्हणाले, "लंकाबाई, या वर्षी पुढच्या टेबलावर गोगलगायीची मज्जासंस्था ठेवू. भिमाबाई करतील. तुम्ही जळवांचं बघा." बोलताना ते कागद चाळत होते. त्यांच्या दृष्टीने ती एक ट्रेची अदलाबदल होती.

लंकाबाई "बरं" म्हणाली.

अडचण एकच होती. गरम पाण्यात मारलेल्या गोगलगायीचे मज्जातंतू ठिसूळ होतात, चिमटा लागताच तुटतात. तंतू हवे असतील तर तिला पाण्यात गुदमरवून मारावं लागतं. मग ती पाय पसरून, शिंगं बाहेर काढून, सैल होऊन मरते. हे भिमाबाईने कधी केलं नव्हतं. तिने सरळ येऊन विचारलं, "ताई, कसं करायचं वो?"

"पाणी उकळून गार कर. त्यात सोड. वर झाकण ठेव. सकाळी तयार."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

इतकंच नव्हतं. सरांचा दर वर्षीचा तास लंकाबाईने दाराआडून ऐकला होता. या गोगलगायीला माशासारखा कल्लाही असतो आणि आपल्यासारखं फुप्फुसही. उकळून हवा गेलेल्या पाण्यात कोंडली तर ती वर येते, नळी बाहेर काढून हवा घेते. म्हणून बरणी काठोकाठ भरायची, वर काच सरकवायची आणि काचेखाली एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. भिमाबाईने एक बादली घेतली. ती पाऊण भरली, वर पुठ्ठा ठेवला. लंकाबाईने जाताना त्या बादलीकडे पाहिलं, कमरेची किल्ली काढली आणि दार लावून घेतलं.

सकाळी दार उघडलं तेव्हा बादली रिकामी होती. पुठ्ठा खाली पडलेला. फरशीवर, टेबलांच्या पायांवर, खिडकीच्या गजांवर चिकट चमकत्या रेघा. एक गोगलगाय परीक्षकांच्या खुर्चीच्या पाठीवर निवांत चढत होती. एकीने पुढच्या टेबलावरची, भिमाबाईच्या नावाची चिठ्ठी ओली करून टाकली होती.

लंकाबाईला हसू आलं. हसू यायचं थांबलं तेव्हा मागे भिमाबाई उभी होती.

वाघचौरे सर आले, त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो भिमाबाई, पाणी काठोकाठ भरायचं असतं! हे साधं कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

लंकाबाई पडलेला पुठ्ठा उचलायला वाकली. भिमाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं लांबलं नाही.

"सांगितलं होतं, सर. लंकाताईंनी सांगितलं होतं. मीच इसरले."

"आता?" सर घड्याळाकडे पाहत म्हणाले. "लंकाबाई, गांडूळ होईल का तासाभरात?"

झालं. चाळीस मिनिटांत झालं. पांढरं कडं, काळी पट्टी, दोन गाठी, सगळं जागच्या जागी. परीक्षक आले, वाकले, "वा," म्हणाले. सर म्हणाले, "हे आमच्या लंकाबाईंचं." भिमाबाई तेव्हा खिडकीच्या गजावरून गोगलगायी वेचून बादलीत टाकत होती. ती पाच मिनिटं लंकाबाईने सगळी तिच्या पाठीकडे बघण्यात घालवली. हाताच्या कामात तिला भिमाबाईने आजवर मागे टाकलं होतं, त्याला ती सरावली होती. आज मनानेही मागे टाकलं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

परीक्षा संपल्यावर नळाशी ट्रे धुताना तिने विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"मंग काय बोलू?"

"खरं."

"खरं बोलले असते तर तुमची बदली झाली असती ऑफिसात. चहा न्यायला." भिमाबाईने ट्रे निथळला. "मंग मला गांडूळ कोणी शिकवलं असतं?"

लंकाबाईचा हात थांबला. म्हणजे ही दया नव्हती. हिला गांडूळही हवं होतं! गोगलगायी गेल्या, जळवा गेल्या, काचा गेल्या. उरलेलं ते एक वीतभर गांडूळ, तेही हिला हवं. तिला राग आला, आणि रागात का होईना, बऱ्याच महिन्यांनी मोकळा श्वास आला. उपकार डोक्यावर घेऊन जगण्यापेक्षा हे बरं होतं.

"लय हुशार आहेस," ती म्हणाली.

"हाय ना. म्हणून तर तुमाला खुपते."

दोघी हसल्या नाहीत. पण नळ चालूच राहिला, आणि उरलेले ट्रे दोघींनी मिळून धुतले.

एप्रिलमध्ये, वर्ग ओस पडल्यावर, लंकाबाईने मेणाच्या ट्रेत एक गांडूळ ठेवलं, पहिल्या आणि शेवटच्या वळ्यात टाचणी टोचली आणि कात्री भिमाबाईच्या हातात दिली. या वेळी तिने काही राखून ठेवलं नाही. बरोबर मधोमध कापू नकोस, पाठीवर लाल शीर आहे, जरा बाजूने घे. कात्रीचं टोक वर उचलून धर, नाहीतर आतडं फाटेल. पडदे एकेक करून सोडव, ओढू नकोस. वर पाणी राहू दे, तंतू तरंगले पाहिजेत.

भिमाबाई श्वास रोखून कापत गेली. शीर वाचली. आतडं वाचलं. घसा सुटा झाला, कडं दिसलं, आणि तिने काळी पट्टी सरकवली तेव्हा ते डाव्या बाजूने पट्कन तुटलं.

"गेलं," भिमाबाई म्हणाली.

"गेलं," लंकाबाई म्हणाली. तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. मग तिने बरणीतून दुसरं गांडूळ काढलं, ट्रेमध्ये सरळ केलं, आणि टाचणी शोधायला लागली.