करकंबवरचं काळं बटण

तुमच्या ओळखीच्या गावावर तुम्ही कधी तोफ डागली आहे का? लगेच "छे!" म्हणू नका. मीही तसंच म्हणाले असते. पण मी डागली आहे. रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, पोटात पोहे असताना. आणि त्या गावातल्या एका घरात मी लहानपणी आठ दिवस राहिले होते, जेवले होते, तिथल्या म्हशीला घाबरून रडलेही होते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझी आई सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची संघटना बांधायची. आमच्या दोन खोल्यांत कपाट नव्हतं, पण पत्रकांचे गठ्ठे होते. मी त्यांच्यावर बसून अभ्यास केला आणि त्यांच्यावरच अक्षरं शिकले. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हच असतं. तिसरीत गाईवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी सुरुवात केली, "गाईचं दूध कुणाचं? वासराचं!" बाईंनी खाली लाल शाईत विचारलं होतं, "गाईला पाय किती?"

पुढे मीही लिहू लागले. अन्याय दिसला की पत्रक, दिसला नाही तर शोधून पत्रक. गेल्या वर्षी मला युद्धाचा राग आला. राग रास्तच होता. कोपऱ्यावरच्या टपरीवर अर्धा चहा संपायच्या आत लोक दोन शहरं बेचिराख करत होते आणि उरलेल्या अर्ध्या चहात तिसरं. मी सभा ठरवली, गावातल्या एका वाचनालयाची वरची खोली मिळवली आणि पिवळ्या कागदावर पाचशे पत्रकं छापली. त्यातली तीन वाक्यं मला फार आवडली होती. आरशासमोर उभं राहून मी ती मोठ्यानं वाचली होती:

"युद्धाची भाषा बोलणाऱ्यांना नकाशावर नुसते ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत राहणारी माणसं त्यांना दिसत नाहीत. आम्हाला दिसतात!"

त्याखाली ठळक अक्षरांत होतं: प्रमुख वक्ते, रणांगण पाहिलेले माजी सैनिक.

हे माजी सैनिक म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले काका. एकोणीस वर्षं फौजेत काढून ते परत आले, तेव्हापासून मी त्यांना ओळखते. एक गोष्ट मात्र राहिली होती. मी त्यांना विचारलं नव्हतं. आमच्या घरची रीतच तशी होती. आई आधी वक्त्याचं नाव छापायची आणि मग पत्रक घेऊन त्याच्या दारात जायची. "छापलेल्याला माणूस नाही म्हणत नाही," हा तिचा तीस वर्षांचा अनुभव होता. मी दोनशे पत्रकं पेपरवाल्याला दिली आणि रविवारी सकाळी काकांकडे जायचं ठरवलं. पण काकांकडेही पेपर येतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा पिवळा कागद त्यांच्या मांडीवर होता.

"ये पुढारीणबाई," ते म्हणाले. "हे रणांगण बघितलेले सैनिक कोन म्हनायचे?"

"तुम्हीच की, काका."

"मी कवा बघितलं? मी रसदीत होतो. एकोनीस वर्षं मी आट्याची पोती बघितली, डिझेलची पिंपं बघितली. पोत्यावर बोलू का सभेत?"

"बोलायचंय कशाला पोत्यावर? युद्ध वाईट, एवढंच सांगायचं."

"ते तर तूच सांगतीस की लई जोरात." त्यांनी बोट त्या तीन वाक्यांवर आणलं. "आनि हे? आमाला दिसतात. खरंच दिसतात तुला?"

"दिसतात म्हणजे! अर्थातच दिसतात."

आतून काकू म्हणाल्या, "आता तुम्ही तिला तो नकाशा दाखवू नका हं."

पण ते उठलेच होते. काका निवृत्त झाल्यापासून घरात एक खेळ खेळतात, हे मला ऐकून माहीत होतं. काकू घरी शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करतात. त्यांचं मशीन भिंतीकडे सरकवून काकांनी मोठ्या टेबलावर सोलापूर जिल्ह्याचा नकाशा अंथरला. त्यावर पेन्सिलीनं मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनी घरं आखली होती. सैन्य म्हणजे काकूंच्या डब्यातली बटणं. पांढरी शर्टाची बटणं हे पायदळ, मोठी तपकिरी कोटाची बटणं हे रणगाडे आणि पँटची काळी बटणं म्हणजे तोफा. तोफेचा नेम लागला की चुकला, ते दोन फासे ठरवायचे, आकडा मोठा पडला की लागला. सेफ्टी पिन म्हणजे ड्रोन. काकांची बटणं बाटल्यांच्या बुचांखाली झाकलेली असायची. ड्रोन जिथं ठेवावा, तिथलं बूच उघडायचं.

"एरवी एकटेच खेळतात," काकू दारातून म्हणाल्या. "या खुर्चीत बसून त्या खुर्चीकडे डोळे वटारतात. मग उठून त्या खुर्चीत जातात आणि इकडे वटारतात."

काकांनी कल्पित मोहीम सांगितली. तांबड्या सैन्यानं जेऊरचं रेल्वे स्टेशन बळकावलंय आणि धान्याच्या गाड्या अडवल्यात. निळं सैन्य पश्चिमेकडून, नातेपुत्याहून निघेल, भीमा ओलांडेल, करकंबच्या अंगानं उत्तरेला वळेल आणि दहा डावांत जेऊर सोडवेल. एक डाव म्हणजे एक दिवस.

"कोन व्हनार तू?"

मी अर्थातच निळी झाले. धान्य अडवणाऱ्यांच्या बाजूनं मी कशी जाईन? मी मुक्तिसेना होते.

"आता पैज," काका म्हणाले. "कुटल्याबी गावावर तोफ न डागता तू जेऊर सोडवलंस, तर पुढच्या रविवारी मी तुझ्या सभेत बोलनार. मला बोलता येत न्हाय, तरी बोलनार. पन एका जरी गावावर काळं बटण ठेवलंस, तर मी येनार न्हाय, आनि हे 'आमाला दिसतात' तू सगळ्या पत्रकांवरनं खोडायचंस. आपल्या हातानं."

मी हसले. मला ही पैज वाटलीच नाही. मला वाटलं, वक्ता मिळाला.

"तोफा मला नकोतच," मी म्हणाले. "काढून ठेवा."

"असू दे की. न्हाय वापरायच्या तर न्हाय."

माझ्याजवळ नातेपुत्याच्या ठिपक्यापाशी एक वाटी होती. तिच्यात भाजलेले शेंगदाणे होते. ते माझं डिझेल. एका रणगाड्याला एक घर पुढं सरकायला एक शेंगदाणा लागणार होता. तो उचलून काकांच्या ताटलीत टाकायचा.

पहिले चार डाव मी फार सुंदर खेळले, असं माझं मत आहे. प्रत्येक गावाबाहेरून जाताना मी मोठ्यानं जाहीर करायचे, "नागरिकांना कसलाही त्रास न देता पुढे!"

"ऊस तुडवलास की त्यांचा."

"कुठं?"

"रस्त्याच्या दोनी बाजूंनी ऊसच हाय. तुझे रणगाडे काय बांधावरनं चाललेत?"

मी उसाची भरपाई जाहीर केली. काकांनी मान डोलावली आणि स्वतःचा डाव तसाच सोडून दिला. त्यांनी एकही बटण हलवलं नव्हतं. मी त्याचा अर्थ असा लावला की मुक्तिसेनेपुढं तांबडे गारठले आहेत. पाचव्या डावात मी भीमा ओलांडली. सहाव्या डावात माझे आठही रणगाडे करकंबच्या अलीकडे उभे राहिले. सेफ्टी पिन ठेवली, बूच उघडलं. करकंबमध्ये काकांची दोन पांढरी बटणं आणि 'साठा: वाटीभर शेंगदाणे' अशी चिठ्ठी निघाली. मी ठरवलं, गावाला वळसा घालायचा. एकाही माणसाला धक्का नको. सातव्या डावात मी माझ्या वाटीत हात घातला.

वाटी रिकामी होती.

"काका, माझं डिझेल कुणी घेतलं?"

"तूच खाल्लंस."

खरंच मी खाल्लं होतं. मोहिमेची आखणी करताना, उसाची भरपाई जाहीर करताना, एकेक करून. काका समोर बसून बघत होते.

"मग सांगितलं का नाही?"

"शत्रू सांगतो व्हय कदी?" मग त्यांना माझी कीव आली असावी. "सगळे असंच करतात. पुढं काय करायचं हे समद्यांना ठावं असतं. खायाला काय हाय, ते कुनी बघत न्हाय."

आतून काकूंनी विचारलं, "अजून देऊ का गं शेंगदाणे?"

"न्हाय!" काका ओरडले. "गेलेली रसद गेली."

माझे आठ रणगाडे उसात उभे होते. चार डाव उरले होते. समोर काका तळहातावर हनुवटी टेकवून, अगदी प्रेमानं हसत होते. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. करकंबमध्ये वाटीभर डिझेल होतं. पायदळानं ते घ्यायला गेले असते तर तीन डाव गेले असते. तोफेनं एकच.

त्या क्षणी मी काय विचार केला, ते मला नीट आठवतं. म्हशी, माणसं, घरं यांतलं काहीही मनात आलं नाही. "दोन डाव वाचतात," एवढंच आलं. मी काळं बटण उचललं, करकंबवर ठेवलं आणि फासे टाकले. पाच आणि सहा.

"उडाले!" मी म्हणाले आणि टाळी वाजवली. टाळीचं लिहायचं टाळता आलं असतं. पण वाजवली.

काकांनी त्यांची दोन बटणं उचलून डब्यात टाकली. मीच बोलू लागले. म्हटलं, काका, हे गावावर डागणं नव्हे. गावात तुमचा साठा होता, म्हणजे ते लष्करी ठिकाण झालं. हा युक्तिवाद मी आधी टीव्हीवर ऐकला होता आणि त्याविरुद्ध चार पानांचा लेख लिहिला होता. आता तो मला बराच पटत होता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि नकाशाकडे पाहिलं.

"माझ्या माहेरावर काय ठेवलंय हे?"

"तोफ," काका म्हणाले.

"कुणी?"

"पुढारीणबाईंनी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "किती गेले?"

"दोन, काकू. दोन बटणं."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे खेळात नाहीत," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मग मला करकंब आठवलं. मी सात वर्षांची असताना आईला एका मोर्च्यात अटक झाली होती. त्या आठ दिवसांत काकू मला घेऊन माहेरी गेल्या होत्या, करकंबला. त्यांच्या वहिनी रोज सकाळी माझ्या डोक्याला तेल लावून दोन घट्ट वेण्या घालायच्या. त्या वेण्यांनी कपाळ ताणलं जायचं. मी रडायचे आणि त्या म्हणायच्या, "आई आली की म्हनंल, पोरीकडं कुनी बघितलंच न्हाय." त्या अजून तिथंच राहतात.

काकूंनी वाकून ते काळं बटण उचललं. "हे मला लागतंय," त्या म्हणाल्या आणि मशीनकडे गेल्या.

"खेळ की पुढं," करकंबचे वाटीभर शेंगदाणे माझ्यापुढं सारत काका म्हणाले. "डिझेल मिळालं तुला. जेऊर घे."

मी त्या शेंगदाण्यांना हात लावला नाही. चहा प्यायले. तो फार चांगला झाला होता, आणि त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी घरी उरलेली तीनशे पत्रकं घेऊन बसले. आईनं विचारलं काय चाललंय, म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छापलेलं खोडायचं? आपल्या घरात असं कधी झालं नाही." मग तिनं एक पत्रक उचलून पुन्हा वाचलं. "हे तू माझ्याकडूनच उचललंस," ती म्हणाली. "मी प्रत्येक पत्रकात लिहायचे. त्यांना कळत नाही, आम्हाला कळतं." तिनं पट्टी मागितली. पैज माझ्या हातानं खोडण्याची होती, म्हणून आई पट्टी धरायची आणि मी रेघ मारायचे. 'प्रमुख वक्ते' ही ओळही खोडावी लागली. त्यामुळे पत्रकात सभा उरली, वक्ता उरला नाही.

सभेला नऊ माणसं आली. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मीच उभी राहिले आणि वर लिहिलंय ते सांगितलं, शेंगदाण्यांसकट. लोक हसले. टाळीपाशी आल्यावर हसायचे थांबले. शेवटच्या बाकावर काका बसले होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "बोलनार न्हाय म्हनालो हुतो. ऐकनार न्हाय असं कुटं म्हनालो?"

आता त्या दोनशे पत्रकांचं. ती त्या रविवारी पेपरातून सोलापुरात गेली आणि मला परत मिळवता आली नाहीत. आपल्याकडे कागद फेकला जात नाही. ती कुणाच्या फडताळात डब्यांखाली अंथरलेली असतील, कुणाच्या वहीला कव्हर म्हणून असतील. असा पिवळा कागद तुमच्या घरात निघाला, तर कृपा करून पेन घ्या आणि तिसरं वाक्य खोडून टाका. पहिली दोन राहू द्या, ती खरी आहेत. आणि खोडताना त्यापुढचं उद्गारचिन्हही सोडू नका.