रोलमधला उरलेला फोटो

हे गेल्यावर सुरतेजवळच्या उधन्यातला आमचा फोटो स्टुडिओ बंदच होता. आता मी तिथल्या निगेटिव्ह नव्या पाकिटांत भरतेय. जुन्या फिल्मला आंबूस वास सुटलाय. त्या वासासरशी एक दुपार आठवली.

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. हे म्हणाले, “बस, तुझा काढतो.”

मी कॅमेराच हिसकावला. “दरवेळी माझाच काय? आज तुम्ही बसा.”

हे लाजले, हात मांडीवर ठेवून ताठ बसले. फिल्म धुतली, तर डोकंच कापलेलं!

“राहू दे, हात तर आले ना!” म्हणत हे पोटभर हसले. मला वाटलं, पुन्हा काढू.

फोटो काढायला येणाऱ्या गिरणीतल्या माणसांच्या हजारो चेहऱ्यांत यांचे एवढे हातच सापडले. खिडकीच्या उजेडात ते बराच वेळ बघितले. मग पाकिटावर, आयुष्यात पहिल्यांदाच, यांचं नाव लिहिलं.